गुलाबाची पाने पिवळी का पडतात?

प्रश्न : आमच्या गच्चीतील कुंडीतल्या गुलाबाची खालची पाने जुलैपासून पिवळी पडून गळत आहेत, त्यांवर काळे डागही आहेत. लोहयुक्त खत दोनदा घालूनही फरक पडला नाही. काय करावे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : खत तूर्त थांबवावे. लोहाची कमतरता असती, तर पिवळेपणा आधी शेंड्याकडील कोवळ्या पानांवर आला असता आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहिल्या असत्या. आपल्याकडे सुरुवात खालून झाली आहे. त्यातच डागांच्या कडा झालरीसारख्या असतील, तर हा ‘ब्लॅक स्पॉट’ नावाचा बुरशीजन्य रोगच होय. पान सलग सुमारे ७ तास ओले राहिले की ही बुरशी त्यात शिरते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात तशी संधी तिला रोजच मिळते. रोगट पाने, कुंडीत गळून पडलेलीसुद्धा, वेचून कचऱ्यात टाकावीत. कंपोस्टमध्ये मुळीच नकोत. कुंडी छपराखाली, परंतु उजेडात व वाऱ्यावर ठेवून पाणी सकाळी केवळ मातीला द्यावे. नव्या पानांवरही डाग आले, तरच मँकोझेब या बुरशीनाशकाची फवारणी पाकिटावरील प्रमाणानुसार करावी. डागाळलेली पाने पुन्हा हिरवी होत नाहीत, म्हणून गुण आला की नाही हे नव्या फुटीवरूनच पाहावे.