कॉलेजचं पहिलं सत्र : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : शाळेत शिक्षक फळ्यावर लिहून द्यायचे. इथे तास संपेपर्यंत नुसतं बोलणं चालू असतं. मी जमेल तितकं उतरवते, पण पंधरा दिवसांनी वही उघडली की माझंच लिहिणं मला कळत नाही. काय चुकतंय?

उत्तर : पंधरा दिवस वही मिटलेली राहिली, तिथे गणित बिघडलं. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरजुळण्या पाठ करत स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५मध्ये निष्कर्ष छापले. विसरण्याचा वेग सुरुवातीच्या तासांत सर्वांत जास्त असतो, पुढे तो मंदावतो. अर्थ असलेला मजकूर त्याहून बरा टिकतो, तरी पहिल्या दिवसाची घसरण त्यालाही चुकत नाही. म्हणून वहीवर हात फिरवायचा तो त्याच दिवशी, रात्री झोपण्याआधी. एका तासाच्या नोट्सला पंधरा मिनिटं पुरतात.

त्यासाठी पान आधीच आखून ठेवा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली आखणी आजही उत्तम चालते. ए-फोर पानावर डावीकडून साधारण ६ सेंटिमीटरवर उभी रेघ, तळापासून ५ सेंटिमीटरवर आडवी रेघ. तासाला फक्त उजव्या मोठ्या चौकोनात लिहायचं. वर तारीख, विषय आणि पान क्रमांक हवाच. सुटी पानं वापरणाऱ्यांचा गोंधळ हमखास क्रमांक नसल्यामुळे होतो. प्रत्येक वाक्य उतरवायला जाऊ नका. व्याख्या, सूत्र आणि त्यातल्या प्रत्येक चिन्हाचा अर्थ, सोडवलेल्या उदाहरणाच्या सगळ्या पायऱ्या आणि शिक्षकांनी दोनदा सांगितलेली गोष्ट, एवढं पुरे. ‘याची तीन कारणं आहेत’ असं कानावर पडलं की लगेच १, २, ३ आकडे घालून जागा सोडा. एखादं निसटलं तर दोन ओळी कोऱ्या ठेवून प्रश्नचिन्ह करा आणि पुढे चला. मागचं पकडायला गेलात तर पुढचंही जातं.

रात्री डावा रकाना भरायचा. उजवीकडच्या प्रत्येक मुद्द्याचा प्रश्न करून तिथे लिहा. ‘ऑस्मॉसिस’ एवढाच शब्द नको. ‘ऑस्मॉसिसमध्ये पाणी कोणत्या बाजूला जातं आणि का?’ असा पूर्ण प्रश्न हवा. तळाच्या पट्टीत दोन-तीन वाक्यांत तासाचा सार. ही वाक्यं जमत नसतील, तर तास समजलेला नाही आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना काय विचारायचं तेही तुम्हाला मिळालं.

आता मुख्य काम. उजवा भाग कागदाने झाका आणि डावीकडचे प्रश्न वाचून उत्तर मोठ्याने सांगा किंवा रफ कागदावर लिहा. दुसऱ्या दिवशी एकदा, चार दिवसांनी एकदा, दोन आठवड्यांनी एकदा. अडखळलेल्या प्रश्नावर खूण करा, पुढच्या वेळी सुरुवात तिथून. रॉडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवडाभराने मात्र न बघता आठवण्याचा सराव केलेले पुढे गेले. वाचताना ओळखीचं वाटतं आणि आपण त्यालाच ‘येतं’ समजतो. परीक्षेत वही समोर नसते.

याच कारणासाठी नोट्स फेअर करण्यात संध्याकाळ घालवू नका. सुंदर अक्षर, चार रंगांची पेनं, अधोरेखन यांत हात राबतो, आठवण राबत नाही. स्लाइडचे फोटो काढले असतील तर त्याच रात्री त्यातलं हवं ते वहीत घ्या, नाहीतर ते फोनमध्येच राहतात.

प्रश्न : माझा प्रवेश उशिरा झाला, दहा तास आधीच बुडाले. हजेरीची अट ७५ टक्के आहे. आता काय करू?

उत्तर : आज बसून आकडेमोड करा. समजा, एका विषयाचे सत्रात ६० तास आहेत. त्याचे ७५ टक्के म्हणजे ४५, म्हणजे एकूण १५ चुकले तर चालतं. तुमचे दहा गेले; उरले पाच. उरलेल्या ५० तासांपैकी ४५ तुम्हाला बसावंच लागेल, म्हणजे तुमच्यासाठी अट आता ९० टक्क्यांची झाली. हे पाच आजारपणासाठी राखून ठेवा, कंटाळ्यासाठी नाही. हिशेब प्रत्येक विषयाचा वेगळा करा आणि प्रात्यक्षिकांची अट निराळी आहे का, हे कार्यालयात विचारून घ्या. प्रवेशाची पावती जपून ठेवा. उशिरा प्रवेशाचे तास वगळतात का, हे विचारताना ती दाखवावी लागेल.

बुडालेला भाग भरून काढताना तो अभ्यासक्रमातला कोणता घटक आहे ते आधी पाहा. मग शिक्षकांकडे नेमका प्रश्न घेऊन जा. ‘मला काहीच कळलं नाही’ यावर कुणालाच उत्तर देता येत नाही. ‘दुसऱ्या घटकातलं तिसरं उदाहरण, चौथी पायरी’ असं म्हणालात तर पाच मिनिटांत काम होतं. सगळ्या विषयांच्या सबमिशनच्या तारखा एकाच कागदावर उतरवून टेबलासमोर लावा. विषयवार वह्यांत लिहिलेल्या तारखा एकाच आठवड्यात आदळतात, तेव्हाच कळतात.

प्रश्न : वर्गात ओळखीचं कुणी नाही. बोलायला धीर होत नाही.

उत्तर : पहिला महिनाभर रोज त्याच बाकाच्या आसपास बसा, रोज दिसणारा चेहरा आपोआप ओळखीचा होतो. सुरुवात लहान प्रश्नाने करा : कालची शेवटची ओळ दाखवशील का, जर्नल कधी द्यायचंय. पुढे तीन-चार जणांचा अभ्यासगट करा, त्याहून मोठा नको. आठवड्यातून एक तास, आणि प्रत्येकाने वही मिटून एक मुद्दा इतरांना समजावायचा. बोलायला विषय आयताच मिळतो, त्यामुळे लाजऱ्या मुलांना हे गप्पांपेक्षा सोपं जातं. मात्र झोप, भूक उडाली असेल आणि दोन आठवडे झाले तरी मन उभारी धरत नसेल, तर कॉलेजच्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना भेटा. परीक्षा संपेपर्यंत थांबू नका.