हाडं ठणकतात म्हणून इंजेक्शन सोडू नको पोरी

"मावशी, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली. वय 38. छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं, आता नागपूरला किमो चालू आहे, दर 21 दिवसांनी, दोन झाल्या. किमो झाली की गावी येते आणि दुसऱ्या दिवशी सांजच्याला सुरू करून पाच दिवस पोटात इंजेक्शन, पांढऱ्या पेशी वाढायचं, गावातल्या नर्सबाई देतात. तिसऱ्या दिवसापासून कंबर, खुबे आणि छातीचं मधलं हाड असं ठणकते की रात्री भिंत धरून उभी राहते. सासूबाई म्हणतात बिमारी हाडात उतरली. भेव वाटते म्हणून डॉक्टरला सांगितलं नाही. यावेळी इंजेक्शन घेतलंच नाही तर चालेल का? घरी कोणाला समजणार नाही."

पोरी, तुझी भिंत वाचली आणि मला माझी आठवली. मी पण सहा किमो काढल्या, बाकी बरंच विसरली पण इंजेक्शननंतरची ती तिसरी रात्र नाही विसरली, साधा खोकला आला तरी छातीचं हाड बोंबलायचं. आणि मी पण पहिल्या वेळी डॉक्टरला काही बोलली नाही, तोंडातून निघालं तर तो म्हणेल हो, पसरलं, एवढंच डोक्यात. म्हणून तुला रागवायचा हक्क मला नाही, पण इंजेक्शन गुपचूप सोडायचं म्हणतेस ना, ते नको करू.

हे ठणकणं येते कुठून ते आधी ऐक. रक्त तयार होते हाडाच्या आतल्या मगजात, आणि मोठ्या माणसाचा असा कामाचा मगज जास्त करून खुब्यात, पाठीच्या मणक्यात, बरगड्यात आणि छातीच्या मधल्या हाडात असतो. तुझं दुखते ते बरोब्बर तिथंच. किमोनं पांढऱ्या पेशी झोपवल्या, आता हे इंजेक्शन (फिलग्रॅस्टिम लिहिलं असेल बघ डब्यावर) मगजाला उठवते की चला, पेशी काढा, घाईनं काढा. घरात कापूस भरला आणि भाव येईपर्यंत विकलाच नाही तर खोली कशी फुगते, दार लोटून धरावं लागते, तसं आत होते, आणि हाड काही भिंतीसारखं पोक काढत नाही, मग ते ठणकते. कोणाकोणाला तर छातीच्या ठोक्यासोबत ठणकते. इंजेक्शनं संपली की दोन-चार दिवसात उतरते. बऱ्याच जणींना पहिल्या वेळी जास्त होते, पुढं जरा कमी.

सासूबाईंना हेच सांग. त्यांचं पण चूक नाही, त्यांनी गावात कॅन्सर म्हणजे शेवटचाच पाहिला असेल. फक्त एक गोष्ट खरी धर, इंजेक्शनं संपून आठ-दहा दिवस झाले तरी एकाच ठिकाणी दुखतच राहिलं किंवा पायातली ताकद कमी वाटली, तर ते वेगळं, ते दाखवायचंच.

आता सोडलं तर काय होते. किमोनंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तेव्हा साधा ताप सुद्धा जिवावर उठू शकतो, आणि तुझं गाव कुठं न नागपूर कुठं. पेशी वेळेत वर आल्या नाही तर पुढची किमो पण लांबते. हे इंजेक्शन त्याच्यासाठीच आहे.

दुखणं सोसतच बसायचं असं पण नाही बाप्पा. पुढच्या ओपीडीत तोंड उघड, म्हण इंजेक्शननंतर हाडं दुखतात, काय घेऊ, कितीची आणि किती वेळा. ते बहुतेक पॅरासिटामॉल लिहून देतील. काही डॉक्टर अ‍ॅलर्जीची गोळी पण देतात, लोराटाडीन किंवा सेट्रिझिन, काहींना फरक पडते, काहींना नाही. नॅप्रोक्सेननं पण काही जणींचं दुखणं कमी होते, पण ती गोळी आणि ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, गावातल्या डॉक्टरचं डायक्लोचं इंजेक्शन हे सगळं एकाच घरातलं, किमोत प्लेटलेट कमी असल्या तर रक्तस्राव होऊ शकते, किडनीवर पण ताण येते. म्हणून नागपूरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय यातलं काहीच नाही, शेजारणीनं कितीही प्रेमानं आणून दिलं तरी नाही.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, घरी थर्मामीटर आहे का? नसेल तर आजच मागव. पॅरासिटामॉलची गोळी घ्यायच्या आधी दरवेळी ताप मोजायचा, कारण गोळीनं ताप दबून जाते आणि आतलं इन्फेक्शन समजत नाही. 100.4 किंवा वर दिसला की सकाळची वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी दवाखान्यात फोन करून निघायचं. तसंच डाव्या बाजूला बरगडीखाली जोराचं दुखलं किंवा डाव्या खांद्यात कळ आली, श्वास लागला, तरी तसंच निघायचं. हे क्वचितच होते, पण माहीत असलेलं बरं.

बाकी माझे घरचे उपाय. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कमरेला, पण हातपाय बधिर होत असतील तर आधी दुसऱ्या कोणाच्या हातानं गरमाई पाहून घे, मी एकदा तळव्याला चटका लावून घेतला होता न समजता. रगडून मालिश नको. दुखायच्या आधीच्या दिवशी थोडं अंगणात फिरणं चालते, पण कापूस वेचायला त्या पाच दिवसात जायचं नाही. मजुरी महाग झाली हे मलाही ठाऊक आहे, माझ्या घरीपण वावर आहे, पण वाकून वाकून वेचणं आणि ठणकणारा खुबा हे जमत नाही, शिवाय ती धूळ. नवऱ्याला स्पष्ट सांग. सांगायला जड जात असेल तर हे पानच त्याच्या हातात दे.

इंजेक्शन ठेवते कुठं ते लिहिलं नाहीस. फ्रिजमध्येच पाहिजे, 2 ते 8 डिग्री, पण फ्रीजरमध्ये नाही, गोठलं तर बेकार. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवणारे पण मी पाहिलेत, ते नाही चालत. नागपूरहून आणताना आईस पॅक टाकलेला थर्मास, आणि डबा बर्फाला डायरेक्ट चिकटू द्यायचा नाही. घरी फ्रिज नसेल किंवा लाइट तासन् तास जात असेल तर पीएचसीत विचार, नाहीतर ज्यांच्याकडं इन्व्हर्टर आहे त्यांच्याकडं. टोचायच्या अर्धा तास आधी बाहेर काढून ठेव, थंडगार गेलं की जास्त झोंबते. सिरिंज हलवायची नाही, आणि नर्सबाईला म्हणावं रोज जागा बदला.

तिसऱ्या किमोला नवऱ्याला कापूस असला तर सासूबाईंनाच सोबत ने. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच. डॉक्टरसमोर त्यांनाच विचारू दे की साहेब, बिमारी हाडात गेली का म्हणून. आणि घरी आल्यावर चौथ्या रात्री कसं गेलं ते मला लिही, ताप किती होता ते पण लिही.