वाळूतल्या वेलींच्या गावी

प्रश्न : सप्टेंबरमध्ये आम्ही पती-पत्नी आठ दिवसांसाठी लिस्बनला जाणार आहोत. वाइनरी पाहायच्या तर दोरो नदीच्या खोऱ्यातच जा, असे सर्वांचे म्हणणे. पण एवढा प्रवास या वयात आम्हाला झेपणार नाही. लिस्बनजवळ समुद्रकाठी कोलारिश नावाचा वाइनचा जुना टापू आहे, असे कळले. तेथे मुद्दाम जाण्याजोगे काही आहे का?

उत्तर : अवश्य जा. एकच दिवस हाताशी असला, तरी तो कोलारिशला द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. मात्र आधी द्राक्षबाग पाहावी आणि मगच वाइनचा पेला हाती घ्यावा. हा क्रम उलटा झाला, तर तेथील रेड वाइन पहिल्या घोटाला नुसती आंबट आणि तुरट लागून मन खट्टू होण्याचा संभव आहे.

सिंत्राचे डोंगर आणि अटलांटिक महासागर यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात हा टापू येतो. १९०८ मध्ये त्याच्या सीमा कायद्याने ठरवण्यात आल्या. त्याचे सारे वैशिष्ट्य वाळूत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्झेरा नावाच्या किडीने मुळे पोखरून युरोपातील बागाच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि त्यानंतर जवळजवळ सर्वत्र या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलम करूनच द्राक्षे लावावी लागली. कोरड्या वाळूत मात्र या किडीला वाट काढता येत नाही. त्यामुळे कोलारिशच्या वेली आजही स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. ‘उभ्या’ हा शब्द खरे तर चुकीचा आहे, कारण त्या जमिनीवर आडव्या पसरलेल्या असतात.

लागवडीची जुनी रीत समजून घेतली, तर समोर दिसणाऱ्या त्या खुरट्या वेलींविषयी आदर वाटू लागतो. वाळूच्या थराखाली चिकणमाती आहे आणि ओलावा तेथेच मिळतो; म्हणून काही मीटर खोल चर खणून वेलीची काडी थेट चिकणमातीत रोवत आणि ती वाढेल तसतसा चर वाळूने भरत आणत. खणताना कडा ढासळून माणूस गाडला जाण्याची भीती असे. तेव्हा चरात उतरणारे मजूर डोक्यावर टोपली घालत, म्हणजे वाळू अंगावर कोसळलीच तर सोबत्यांनी उकरून काढेपर्यंत टोपलीतल्या हवेवर श्वास चालू राहील, असे सांगतात. नवी वेल करायची झाल्यास जुनीचीच फांदी वाकवून वाळूत पुरतात, म्हणजे आपल्याकडील दाब कलमच.

आपण जाल तेव्हा घड पक्व होत आलेले असतील. तापलेल्या वाळूने मणी भाजू नयेत, म्हणून या दिवसांत फांद्यांना खालून काठ्यांचे छोटे टेकू देऊन घड जमिनीपासून वर उचलून धरतात. खारा वारा अडवण्यासाठी बागांभोवती वाळलेल्या बोरूचे कुड उभारलेले असतात. अशा एखाद्या कुडाच्या आत वाकून पाहा : बाहेर वारा कानांत घोंघावत असतो आणि आत पान जेमतेम हलत असते.

आता वाइनविषयी. रेड वाइन रामिश्कू या जातीची असते; तिचे मणी लहान, साल जाड, आंबटपणा आणि टॅनिन, म्हणजे तोंडाला तुरटपणा आणणारे द्रव्य, दोन्ही भरपूर. म्हणून ती तरुण असताना कठोर लागते आणि बाटलीत बरीच वर्षे राहिल्यावरच मवाळ होते. चव घेताना एखादे जुने वर्ष मिळेल का, असे निःसंकोच विचारावे. व्हाइट वाइन माल्वझियाची. ती लवकर जवळची वाटते, क्वचित खारटपणाचाही भास होतो. विकत घेताना बाटलीवर ‘कोलारिश’ हे नाव नीट पाहावे, कारण त्याच परिसरातील कठीण जमिनीतल्या वाइन ‘शांव रीझू’ म्हणून विकल्या जातात आणि त्या वाळूतल्या वेलींच्या नसतात.

१९३१ मध्ये स्थापन झालेली अदेगा रेजियोनाल ही शेतकऱ्यांची सहकारी वाइनरी आणि अल्मुसाजेम गावातील १८०८ पासूनची व्हियुवा गोम्श ही वाइनरी, एवढ्या दोन पुरेत. चारपाच ठिकाणी धावपळ करून जीभ बधिर होते आणि लक्षात काही राहत नाही. दोन्हीकडे आधी कळवून वेळ ठरवावी. बाग दाखवण्याची विनंतीही तेव्हाच करावी, कारण कामाच्या हंगामात ऐन वेळी सोबत यायला माणूस मोकळा नसतो. सुट्टीची घरे बांधण्यासाठी जमिनींना मागणी वाढली आणि या वाळूतल्या बागा आक्रसत गेल्या. ज्यांनी त्या टिकवल्या, त्यांच्याकडून एखादी बाटली जरूर घ्यावी.

प्रश्न : माझी पत्नी मद्य घेत नाही. तिचा दिवस वाया जाईल का? आणि गाडी भाड्याने घ्यावी का?

उत्तर : वाया जाणार नाही. बाग पाहण्यासाठी पेला हाती घ्यावा लागत नाही; कड्यावर वसलेले अझेन्याश दु मार हे पांढऱ्या घरांचे गाव आणि युरोपच्या मुख्य भूमीचे पश्चिम टोक असलेले काबो द रोका, दोन्ही जवळच आहेत. सप्टेंबरातही तेथे धुके आणि गार वारा असतो, म्हणून दोघांनीही अंगावर काहीतरी उबदार ठेवावे.

गाडी पत्नी चालवणार असतील तरच घ्यावी. पोर्तुगालमध्ये चालकाच्या रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे आणि ती गाठायला फार प्यावे लागत नाही. अन्यथा लिस्बनच्या रोसिओ स्थानकावरून सुमारे चाळीस मिनिटांत रेल्वेने सिंत्रा गाठावे आणि पुढे बसने जावे. सिंत्राहून कोलारिशमार्गे समुद्रापर्यंत जाणारी १९०४ पासूनची ट्रामही आहे; ती सर्व दिवस धावत नाही, तेव्हा परतीची वेळ सकाळीच विचारून घ्यावी.