साईटवरचा व्ह्यू काउंटर आणि गूगल ॲनालिटिक्स, आकडे जुळत का नाहीत?

तुम्ही विचारलंय की एका लेखावर साईटचा काउंटर ९०० व्ह्यूज दाखवतो आणि ॲनालिटिक्समध्ये (साईटवरची ये-जा मोजायचं गूगलचं साधन) त्याच लेखाचे जेमतेम २०० दिसतात, तर थापा कोण मारतंय. कोणीच नाही हो. दोघं वेगळ्या जागी बसून मोजतायत एवढंच.

साधा काउंटर सर्व्हरवर, म्हणजे साईट जिथे ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरवर असतो, तिथून पान पाठवलं गेलं की डेटाबेसमधल्या आकड्यात एक मिळवायचा, बास, मागणारा माणूस आहे का गूगलबॉटसारखा बॉट (आपोआप पानं उघडत फिरणारा प्रोग्राम) याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. ॲनालिटिक्सचा कोड वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे जे बॉट जावास्क्रिप्ट चालवतच नाहीत ते आपोआप गळतात, ओळखीचे बॉट गूगल स्वतःच वगळतं, पण ॲड ब्लॉकर लावलेला खराखुरा वाचकसुद्धा बऱ्याचदा त्यांच्याबरोबर गळतो. म्हणजे एक आकडा फुगलेला, दुसरा थोडा कमी.

खात्री करायची असेल तर होस्टिंगच्या पॅनेलमधून ॲक्सेस लॉग (कोणी कुठलं पान मागितलं याची सर्व्हरची नोंदवही) उघडा आणि ओळीच्या शेवटी युजर एजंट, म्हणजे पान मागणाऱ्याने सांगितलेलं स्वतःचं नाव, काय लिहिलंय ते बघत चला. गूगलबॉट, बिंगबॉट, एआयवाल्यांचा जीपीटीबॉट, अशी सगळी वरात दिसेल. तुम्ही फेसबुकवर लिंक टाकता ना, तेव्हा प्रिव्ह्यू बनवायला त्यांचा 'फेसबुकएक्स्टर्नलहिट' येऊन पान उचलतो, एकाही माणसाने वाचायच्या आधी काउंटर पुढे! आणि काही बॉट तर सरळ क्रोमचं नाव लावून येतात, ते काय डोळ्यांनी ओळखू येत नाहीत.

सगळेच काउंटर इतके भोळे नसतात. पीएचपीबीबीमध्ये (चर्चेचे फोरम चालवायचं सॉफ्टवेअर) ओळखीचे बॉट मोजत नाहीत, आणि त्याच पानावर बसून रिफ्रेश दाबत राहिलात तरी आकडा हलत नाही, कारण सेशनमध्ये, म्हणजे तुमच्या त्या भेटीच्या नोंदीत, शेवटचं पान कोणतं ते लिहिलेलं असतं. दुसरीकडे जाऊन परत आलात की मात्र एक वाढला. उलटा प्रकारही होतो, कॅशिंग प्लगइन (पानाची तयार प्रत साठवून ठेवणारं) लावलं की पान आयतं तयार मिळतं, काउंटरच्या कोडपर्यंत गोष्ट पोचतच नाही आणि व्ह्यूज गोठल्यासारखे दिसतात.

'आत्ता ऑनलाइन इतके जण' हा आकडा तर मला सगळ्यात गमतीशीर वाटतो. ब्राउझर पान घेऊन गेला की माणूस वाचतोय का चहाला उठलाय हे सर्व्हरला कळायला मार्गच नाही, म्हणून मागच्या अमुक मिनिटांत जे दिसले ते ऑनलाइन असं धरून चालतात, पीएचपीबीबीत मुळात ५ मिनिटं, ॲनालिटिक्सच्या रिअलटाइममध्ये ३०.

आणि ॲनालिटिक्समधले 'युजर्स' म्हणजे माणसं समजू नका. तुम्हीच मोबाईलवर एक, ऑफिसच्या लॅपटॉपवर दुसरे. सफारीमध्ये जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी (वाचकाला ओळखायची ब्राउझरमधली खूण) साधारण ७ दिवसांत उडते, म्हणजे दहा दिवसांनी परत आलेला आयफोनवाला जुना वाचक नवीन म्हणून मोजला जातो. आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरून मोजावं तर मोबाईल नेटवर कित्येक लोक एकाच पत्त्यामागे असतात.

जाहिरातवाला आकडा मागत असेल तर काउंटरचे ९०० सांगू नका, तो दोन मिनिटांत पकडेल. ॲनालिटिक्समधले 'एंगेज्ड सेशन्स' दाखवा, त्यात १० सेकंदांपेक्षा जास्त थांबलेले किंवा निदान दोन पानं बघितलेले वगैरेच धरतात. आकडा छोटा दिसेल, दिसू द्या.