निळसर दिसणे आणि अचानक न दिसणे

प्रश्न : माझे वय ६१ असून दहा वर्षांपासून मधुमेह व रक्तदाबाची औषधे चालू आहेत. लैंगिक शैथिल्यासाठी मी मित्राच्या सांगण्यावरून, डॉक्टरांना न विचारता, सिल्डेनाफिलची ५० मिलिग्रॅमची गोळी अधूनमधून घेतो. गेल्या वेळी तासाभराने दिव्याचा उजेड निळसर आणि डोळ्यांना खुपणारा वाटला. सकाळी सर्व पूर्ववत होते. या गोळ्यांनी अंधत्व येते असे ऐकले आहे. ते खरे आहे का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्याला जाणवलेला निळसरपणा आणि आपल्याला वाटणारी अंधत्वाची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिल्डेनाफिल पीडीई-५ नावाच्या विकराला (एन्झाइमला) अडवून रक्तवाहिन्या सैल करते. परंतु त्याचेच भावंड असलेला पीडीई-६ हा विकर दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींमध्ये काम करीत असतो आणि हे औषध त्यालाही थोडेसे अडवते. त्यामुळे रंग निळसर दिसणे, उजेड सहन न होणे, किंचित अंधूक दिसणे हे परिणाम होतात, मात्रेबरोबर वाढतात आणि बहुधा काही तासांत ओसरतात. याच गटातील टाडालाफिल या दुसऱ्या औषधाचा पीडीई-६वर प्रभाव नगण्य असल्याने त्यात असे क्वचितच घडते. मात्र ज्यांच्या घराण्यात रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आनुवंशिक विकार आहे, त्यांनी नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय यातील कोणतीही गोळी घेऊ नये.

खरी चिंता आहे ती डोळ्याच्या मुख्य नसेचा रक्तपुरवठा अचानक तुटण्याची, ज्याला आम्ही ‘नेऑन’ म्हणतो. यात दुखत नाही, डोळा लालही होत नाही. पुष्कळदा माणूस सकाळी उठतो तेव्हा एका डोळ्यासमोर, बहुधा खालच्या अर्ध्या भागात, काळी सावली असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली या गोळ्यांच्या माहितीपत्रकात हा इशारा घालायला लावला. पुढे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन लाखांहून अधिक अमेरिकी पुरुषांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात नियमित गोळी घेणाऱ्यांना नेऑन धरून काही गंभीर नेत्रविकारांचा एकत्रित धोका ८५ टक्क्यांनी अधिक आढळला. हा आकडा वाचून धडकी भरते, परंतु प्रत्यक्ष प्रमाण दहा हजार पुरुषांमागे वर्षाला सुमारे १५ एवढेच होते. शिवाय ज्या मधुमेह-रक्तदाबामुळे शैथिल्य येते, तेच डोळ्याच्या नसेचेही शत्रू असल्याने दोष किती गोळीचा आणि किती मूळ आजाराचा हे वेगळे काढणे अवघड आहे.

आपल्या बाबतीत मात्र ही दोन्ही कारणे हजर आहेत. म्हणून गोळी तूर्त थांबवून बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी करून घ्या. नसेचे तोंड जन्मतः लहान व दाटीचे आहे का, हेही त्यात कळेल, कारण नेऑन मुख्यतः अशाच डोळ्यांत होतो. रक्तदाबाची गोळी रात्री घेत असाल तर तेही सांगा, कारण झोपेत रक्तदाब फार उतरणे नसेला मानवत नाही. वेळ मात्र परस्पर बदलू नका. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची, उदाहरणार्थ जिभेखाली ठेवायची, गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल पूर्ण वर्ज्य आहे. हे सारे सांगायला संकोच वाटणे स्वाभाविक आहे, आणि खरे तर आम्ही नेत्रतज्ज्ञही हा प्रश्न क्वचितच विचारतो.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझ्या पतीच्या उजव्या डोळ्याची नजर याच विकाराने गेली. तेव्हापासून त्यांनी गोळ्या सोडल्या. पण आता ‘केवळ वनस्पतींपासून’ असे छापलेली कॅप्सूल आणली आहे. ती चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. अशा ‘नैसर्गिक’ शक्तिवर्धकांत वेष्टनावर न लिहिलेले सिल्डेनाफिल तपासणीत वारंवार सापडलेले आहे, आणि ते किती घातले आहे हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. एका डोळ्याला नेऑन झालेल्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांना पाच वर्षांत दुसऱ्या डोळ्यालाही तो होतो. पतींना मूत्ररोगतज्ज्ञांकडे न्या. निर्वात पंपासारखे, या औषधांवर न विसंबणारे उपाय उपलब्ध आहेत. डाव्या डोळ्यासमोर सावली किंवा धुके जाणवले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना ती कॅप्सूल वेष्टनासह सोबत ठेवा.