गोठ्यातलं पट्टेरी मांजर कोणत्या जातीचं?

कोणत्याच खास जातीचं नाही, ते आपलं देशी मांजर आहे. पट्टे म्हणजे जात नव्हे, अंगावरची नक्षी. अगूटी जनुकामुळे एकेका केसावर फिकट-गडद वळी पडतात, कपाळावर इंग्रजी एमसारखी खूण उमटते. अमेरिकन शॉर्टहेअर, मेन कून या मांजरांच्या परदेशी जातींमध्येही अशी नक्षी दिसते. वाघासारख्या पट्ट्यांसाठी मुद्दाम तयार केलेली जात टॉयगर, ती अमेरिकेतली. 'बंगाल' जातीचं म्हणून कोणी बारीक उभ्या पट्ट्यांचं पिल्लू विकत असेल तर घेऊ नका. बंगालवर ठिपके किंवा संगमरवरी नक्षी असते. मात्र पिल्लू वावरात, पऱ्हाटीत सापडलं असेल तर ते रानमांजराचंही असू शकतं. त्यांची पिल्लंही पट्टेरी असतात, वाढताना पट्टे पुसट होतात. रानमांजराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. उचलू नका, आई बहुधा जवळच असते. जखमी असेल तर वनविभागाला कळवा.