अमेरिकेत कॉलेजला आफ्रिका आणि आफ्रिकन डायस्पोराचा इतिहास घ्यावा का? त्यात नेमकं काय शिकवतात?

मी गेलो होतो कॉम्प्युटर शिकायला. हा विषय मायनर म्हणजे दुय्यम विषय म्हणून घेतला, तोही टाइमटेबलात बसत होता म्हणून. तेव्हा त्या बेतानेच वाचा.

डायस्पोरा म्हणजे मायदेशाबाहेर पांगलेला समाज. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्यांपैकी किती जण आजच्या अमेरिकेत उतरले? मी छातीठोकपणे ८० टक्के म्हणालो. अंदाज असा आहे: सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली, १८ लाखांच्या आसपास वाटेतच मेली, आणि जिवंत उतरलेल्यांपैकी जेमतेम ४ टक्के थेट उत्तर अमेरिकेत. एकट्या ब्राझीलमध्ये ४० टक्क्यांहून जास्त! म्हणजे सिनेमांवरून जे डोक्यात बसलं होतं, ते एका कोपऱ्याचं चित्र होतं.

माझा सगळ्यात जास्त वेळ हैतीने खाल्ला. ही तेव्हा कॅरिबियनमधली फ्रेंच वसाहत. १७९१ला गुलामांनी उठाव केला, १८०४ला देश स्वतंत्र झाला. पण १८२५मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून मान्यतेची किंमत मागितली, १५ कोटी फ्रँक. भरपाई कुणाला, तर जुन्या मळेवाल्यांना. सुटलेल्यांनीच मालकांचं नुकसान भरून द्यायचं! पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण ती भरायला कर्ज काढलं ते फ्रेंच बँकांकडूनच. यावर पेपर लिहिताना चिडून दोनदा लॅपटॉप बंद केला होता.

हिंद महासागरातून नेलेल्या गुलामांना मात्र दोनच तास मिळाले. त्यात पडद्यावर मलिक अंबर आला. मी औरंगाबादचा, त्याने वसवलेल्या खडकीचा. शाळेत ‘हबशी’ हा शब्द पाठ केला होता, पण हबशी म्हणजे इथिओपियातून गुलाम म्हणून विकत आणलेला मुलगा, हे कधी डोक्यात शिरलंच नव्हतं. गनिमी काव्यावर टीप लिहून मार्क घेतले आणि मोकळे झालो.

आता व्यवहाराचं. वाचन भरपूर असतं, माझं आठवड्याला शंभरेक पानं व्हायचं. जमलं तर सोबत पोर्तुगीज किंवा फ्रेंच घ्या, नाहीतर ब्राझील-हैती इंग्रजांच्याच चष्म्यातून दिसतात. आणि एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर नीट ऐका: ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, पण स्टेमवाल्यांचे (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) वाढीव २४ महिने हा विषय मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेतला तर मिळत नाहीत. घरी कर्जाचे हप्ते चालू होते, म्हणून मी तो मायनरच ठेवला.